आळंबीतलं सीझियम : खानापूरकडच्या मोजणीच्या नोंदी

१८ मे २०२५, बेळगाव

मोजणीच्या यंत्राभोवती बसवायच्या शिशाची सोय झाली. गावातला एक छापखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. त्याच्या माळ्यावर खिळ्यांची पोती तशीच होती. मालकांनी भंगाराच्या भावात दिली आणि "वितळवायच्या आधी एकदा बघून तरी घ्या" म्हणाले. बघितले. मराठी आणि कानडी दोन्ही खिळे एकाच पोत्यात कालवलेले. खिळ्याचं शिसं शुद्ध नसतं, त्यात अँटिमनी आणि कथील असतं, पण आम्हाला हवं होतं ते त्याचं वय. ताज्या शिशात शिसं-२१० हा किरणोत्सारी भाऊबंद थोडाफार असतोच. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं फुटून जायला लागणारा वेळ, साधारण २२ वर्षं, म्हणून शिसं जितकं जुनं तितकं शांत.

उद्यमबागेत ओळखीच्या फाउंड्रीत रिंगा ओतून घ्यायचं ठरलं. कशासाठी ते सांगितल्याबरोबर फाउंड्रीवाले अण्णा दोन पावलं मागं सरले. "ते दिल्लीचं झालं तसलं काय नाही न्हवं?" त्यांना मायापुरी म्हणायचं होतं. एप्रिल २०१० मध्ये तिथल्या भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं यंत्र फोडलं गेलं आणि एकाचा जीव गेला. भंगार वितळवणाऱ्या माणसानं हा प्रश्न विचारायलाच पाहिजे. त्यांच्यासमोर सगळ्या पोत्यांवरून गायगर काउंटर फिरवला. काटा घरात असतो तेवढाच. मग भट्टी पेटली.

हा खटाटोप कशासाठी, ते एकदा लिहून ठेवतो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला पावसाळ्याच्या सुरुवातीला वारुळावरची आळंबी निघते. बायका ती पानात बांधून रस्त्याकडेला विकायला बसतात आणि गोव्याला जाणाऱ्या गाड्या हमखास थांबतात. गेल्या पावसाळ्यात जर्मनीतल्या रानडुकरांचा एक व्हिडिओ मोबाइलवर फिरला. आळंबी खाऊन डुकरं किरणोत्सारी झाली, असा. त्याच्या शेपटाला कुणीतरी "आणि कैगा आपल्यापासून किती लांब?" एवढं जोडून दिलं. कैगा म्हणजे कारवारकडचं अणुवीज केंद्र, जांबोटीपासून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. प्रश्न गैर नाही. पण त्याला तोंडी उत्तर देऊन भागत नाही, आणि "काही होत नाही हो" हे तर उत्तरच नव्हे.

गायगर काउंटर टिकटिक मोजतो, ती टिकटिक कुणाची ते सांगत नाही. त्यासाठी वर्णपटमापी लागतो, म्हणजे किरणांची ऊर्जा मोजून ते कुठल्या मूलद्रव्याचे ते ओळखणारं यंत्र. आमच्याकडं सोडियम आयोडाइडचा एक जुना स्फटिक आहे, चार सेंटिमीटर व्यासाचा. टीव्ही-रेडिओ दुरुस्ती करणाऱ्या मित्रानं त्याला हाय-व्होल्टेजचा बोर्ड करून दिलाय. बाहेरचे किरण अडवायला शिसं त्याच्याभोवती बसेल.

२५ मे

व्हिडिओ अर्धा खरा आहे. पूर्ण खोटा असता तर काम सोपं होतं.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. ढग युरोपभर फिरला, पण त्यातला किरणोत्सारी माल सगळीकडं सारखा पडला नाही. ढग डोक्यावर असताना जिथं पाऊस झाला तिथं तो खाली आला. दक्षिण बव्हेरियात एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या सुरुवातीला सरी पडल्या, म्हणून बव्हेरियाचं नाव आजही निघतं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं, ते महिन्या-दोन महिन्यांत संपलं. सीझियम-१३४ चं दोन वर्षांचं, तेही गेलं. उरलं सीझियम-१३७. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे तेव्हा पडलेल्यातलं चाळीस टक्के अजून शिल्लक आहे.

शेतातलं सीझियम लवकर आवाक्यात आलं. नांगरणीनं ते खाली गेलं, चिकणमातीच्या पापुद्र्यांत अडकून बसलं, वरून पोटॅशचं खत पडलं. रासायनिक स्वभावानं सीझियम पोटॅशियमचा सख्खा भाऊ, आणि झाडाला पोटभर पोटॅशियम मिळालं की ते सीझियमकडं फारसं बघत नाही. जंगलात यातलं काहीच होत नाही. तिथं नांगर नाही, खत नाही, वर पाल्याचा कुजका थर आणि त्याच थरात आळंबीचं जाळं पसरलेलं. पाला कुजतो, जाळं त्यातलं सीझियम उचलतं, आळंबी निघते, सडते, पुन्हा त्याच थरात मुरते. त्यामुळं ते खाली जातच नाही.

सगळ्या जाती सारख्या नसतात. झाडाच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या जाती जास्त घेतात, लाकडावर वाढणाऱ्या सहसा कमी. युरोपातली तपकिरी टोपीची 'बे बोलीट' यात कुप्रसिद्ध. तिच्या टोपीच्या सालीत नॉरबॅडिओन-ए नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते सीझियमला धरून ठेवतं. डुकरांची गोष्ट आणखी वेगळी. ती एलाफोमायसीस ही जमिनीखाली वाढणारी आळंबी उकरून खातात, जी माणूस खात नाही. हरणांच्या मांसातलं सीझियम कमी होत गेलं, डुकरांचं काही होईना, हे कोडं बरीच वर्षं होतं. २०२३ मध्ये सीझियम-१३५ आणि १३७ चं गुणोत्तर मोजून केलेला अभ्यास आला. डुकरांच्या मांसातला मोठा वाटा चेर्नोबिलच्याही आधीचा निघाला, १९५०-६० च्या दशकांत हवेत फोडलेल्या अणुबॉम्बचा.

आमच्या दृष्टीनं महत्त्वाचं हेच आहे. चेर्नोबिलचा ढग मुख्यतः युरोपवर रिकामा झाला. बॉम्बचा धुरळा मात्र वरच्या वातावरणात चढून जगभर पसरला आणि काही वर्षं पडत राहिला. १९६३ चा करार झाल्यावर अमेरिका, रशिया, ब्रिटन थांबले, चीननं हवेतला शेवटचा स्फोट १९८० मध्ये केला. सगळ्यात जास्त माल उत्तरेच्या मध्य अक्षांशांत पडला, आपल्या पट्ट्यात कमी. पण एकाच पट्ट्यात जिथं पाऊस जास्त तिथं धुरळाही जास्त उतरला. गोकाक-बैलहोंगलच्या मानानं कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून खरा प्रश्न असा लिहून ठेवतो: साठ वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर पडलेल्यातलं जे पावेक उरलंय, ते आळंबीत आमच्या यंत्राला दिसण्याइतकं आहे का?

१ जून

मापी जुळवण्याचा दिवस. त्याला आधी ओळखीच्या खुणा दाखवाव्या लागतात.

पहिली खूण गॅसबत्तीच्या जुन्या मेंटलची. गावदेवाच्या पालखीला पेट्रोमॅक्स असायची तेव्हाची पाकिटं एका वाण्याकडं सापडली. जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. २३९, ५८३ आणि पार टोकाला २६१४ केईव्हीला (किरणाच्या ऊर्जेचं माप) तीन शिखरं छान उभी राहिली.

दुसरी खूण उसाला टाकतो त्या लाल पोटॅशची. निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियमच्या ग्रॅममागे सुमारे ३१ बेक्वेरेल पोटॅशियम-४० असतं. खताच्या पोटॅशमध्ये निम्मं पोटॅशियम, म्हणजे किलोला साडेपंधरा हजार आणि ५० किलोच्या पोत्याला पावणेआठ लाख बेक्वेरेल. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. कुदळीनं पोतं फोडून हातानं पोटॅश विसकटणाऱ्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो घाबरेल, आणि घाबरायचं काही कारण नाही. नुसता 'इतके बेक्वेरेल' हा आकडा किती फसवा असतो हे दाखवायला पोटॅशच्या पोत्याइतकं चांगलं काही नाही.

नमुन्यासाठी डबा कुंद्याचा. बेळगावात कुंद्याच्या प्लास्टिकच्या डब्यांची ददात नाही, सगळे एका मापाचे. माप तेच, भरायची उंची तीच, स्फटिकावर ठेवायची जागा तीच, एवढं पाळलं की तुलना करता येते.

सीझियमचा प्रमाणित स्रोत आमच्याकडं नाही आणि परवान्याच्या भानगडीत पडायचंही नाही. पोटॅशच्या १४६१ च्या शिखरावरून मापीची पकड किती ते काढलं आणि तीच पकड सीझियमच्या ६६२ ला लावायची ठरवली. कमी ऊर्जेला स्फटिकाची पकड खरं तर जास्त असते. त्यामुळं आमचं उत्तर चुकलं तर सीझियम जास्त दाखवण्याच्या बाजूनं चुकेल, कमी दाखवण्याच्या नाही. चूक या बाजूला असलेली बरी.

९ जून, कणकुंबीच्या अलीकडं

मृग लागला. आळंबीला अजून वेळ आहे, म्हणून आधी माती.

भीमगड अभयारण्यातून काहीही आणायचं नाही, पानसुद्धा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. नमुने फक्त मालकीच्या रानातले किंवा विकायला आलेले. पण मातीला अशी जागा हवी की जिथं साठ वर्षांत कुदळ लागलेली नाही, आणि तशी जागा म्हणजे देवाचं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही, पडलेलं लाकूडही कुणी उचलत नाही.

गावच्या तात्यांना विचारलं. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला विचारून काय उपयोग? ज्याचं रान त्याला विचारूया की." नारळ आणला. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं: ही लेकरं बेळगावासनं आलीत, वाईट करायला आलेली नाहीत, पावसातनं काय वंगाळ पडलंय काय ते बघायला मूठभर माती नेत्यात, त्यास्नी सांभाळून घे. आमच्या प्रकल्पाचा उद्देश इतक्या नेटक्या शब्दांत आम्हाला कुठल्याच अर्जात लिहिता आला नव्हता.

माती तीन थरांत घेतली: वरची पाच सेंटिमीटर, मग पाच ते दहा, मग दहा ते पंधरा. वरचा थर जवळजवळ काळा, बोटांनी दाबला तर स्पंजासारखा दबतो. त्याच्याखाली लगेच जांभ्याची तांबडी. खड्डा पुन्हा बुजवला, पाला सारखा केला. माती वाळवून, चाळून, डब्याला टेप मारून महिनाभर बंद ठेवायची. मातीतून रेडॉन वायू सुटत असतो. तो डब्यात कोंडून त्याची पिलावळ, म्हणजे तो फुटून होणारी मूलद्रव्यं, स्थिरावली की मगच मोजणी विश्वासाची.

२२ जून

आर्द्रा धो धो. एमएस्सीची विद्यार्थिनी सकाळीच फोनवर: "सर, काल रात्रीच्या मोकळ्या मोजणीत सहाशेच्या पुढं फुगलंय." ती रात्री आठपासून यंत्राजवळ होती आणि साडेआठला ढगफुटीसारखा पाऊस झाला होता, हेही तिनंच लिहून ठेवलं होतं. शाबास.

हे होणार याची कल्पना होती. हवेत रेडॉनची पिलावळ तरंगत असते, पाऊस ती खाली आणतो. त्यातल्या बिस्मथ-२१४ चं शिखर ६०९ केईव्हीला येतं. सीझियमचं ६६२ ला. सोडियम आयोडाइडची नजर एवढी तीक्ष्ण नाही, ही दोन शिखरं तिला एकमेकांत मिसळलेली दिसतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर नवशिक्यानं मोजलं तर पहिल्याच आठवड्यात त्याला 'सीझियम' सापडेल आणि दुसऱ्या दिवशी ते गावभर होईल.

खातरजमेसाठी गच्चीवर ताज्या पावसाचं पाणी पसरट परातीत धरून टिपकागदानं पुसलं आणि कागद गायगर काउंटरसमोर धरला. आकडा चढला. अर्ध्या-पाऊण तासात निम्म्यावर आला आणि दुपारपर्यंत मूळपदावर. शिसं-२१४ ला निम्मं व्हायला २७ मिनिटं लागतात, बिस्मथ-२१४ ला २०. सीझियम असतं तर तो कागद आमच्या नातवंडांच्या काळातही बोलत राहिला असता.

नियम ठरला. जोराच्या पावसाच्या रात्रीची मोजणी धरायची नाही. नमुन्याच्या आधी आणि नंतर रिकाम्या डब्याची मोजणी. आणि ६०९ सोबत १७६४ चं बिस्मथचं दुसरं शिखरही बघायचं. ते वाढलेलं असेल तर ६६२ जवळच्या फुगवट्याचा धनी पाऊस.

६ जुलै, जांबोटी रस्ता

तरण्या पावसाचा पहिला दिवस आणि आळंबी निघाली. मावशी रस्त्याकडेला इरलं टेकून बसलेल्या, पुढ्यात सागाच्या पानांचे पुडे. एक पुडा सोडून बघितला: लांब दांड्या, मधोमध टोकदार करड्या टोप्या, दांडीच्या बुडाला वारुळातली माती चिकटलेली. खाली खोल ती काळपट मुळासारखी निमुळती होत जाते, उपटताना बहुतेकदा तुटते. मावशी म्हणाल्या, "ओढायची नाही. बोट घालून हलवायची, मग येते. ओढलं की पुढच्या वर्षी रुसते."

ही टर्मिटोमायसीस. वाळवी वारुळात पालापाचोळा, काड्या चावून त्याची बाग करते आणि त्या बागेत ही बुरशी पोसते. झाडाच्या मुळांशी तिचा संबंध नाही. सीझियम कमी असणार असा अंदाज बांधायला एवढं पुरे, पण अंदाज तो अंदाजच.

मावशींना पैसे देऊ लागलो तर म्हणाल्या, "मोजून झाली की परत द्याल काय?" वाळवून पूड करणार म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते लिहिण्यासारखं नाही. एवढ्या आळंबीची पूड!

मातीचा कण न् कण ब्रशनं काढला. ही माती राहिली तर तिच्यातलं थोरियम आणि पोटॅशियम आळंबीच्या नावावर जातं. चुलीवरच्या माच्यावर वाळवायचा सल्लाही नाकारला. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि असलंच तर सीझियम दाटून येतं, ती नमुन्यावर उडायला नको. काजूवाल्या मित्राच्या ड्रायरमध्ये हलक्या आचेवर वाळवली. आळंबीत नव्वद टक्के पाणी, किलोभर ओलीची जेमतेम मूठभर होते. ओल्या वजनाचा आकडा आणि सुक्याचा आकडा यांत दहापट फरक पडतो. बातमीत नुसतं 'आळंबीत इतके बेक्वेरेल' लिहिलं असेल आणि ओली की सुकी ते नसेल, तर ती बातमी वाचू नये.

१३ जुलै

वारुळाच्या आळंबीचा पहिला स्वच्छ वर्णपट. १४६१ ला पोटॅशियमचं शिखर ठसठशीत. सुक्या आळंबीत पोटॅशियम भरपूर, त्यामुळं किलोला हजाराच्या घरात बेक्वेरेल पोटॅशियम-४० येणं अपेक्षित होतं आणि तेवढंच आलं. ६६२ च्या जागी रिकाम्या डब्यापेक्षा वेगळं काही नाही.

'काही नाही' याचा अर्थ आकड्यात लिहायला हवा. रिकाम्या मोजणीतला चढउतार धरून हिशेब केला तर सुक्या किलोमागे १५ ते २० बेक्वेरेलच्या खालचं सीझियम आमच्या यंत्राला दिसणारच नाही. म्हणजे ओल्या आळंबीत किलोला दोनच्या खाली. असलं तर त्याच्या आत कुठंतरी.

तुलनेला: युरोपीय संघात आयात मालासाठी सीझियमची मर्यादा किलोला ६०० बेक्वेरेल. जपाननं फुकुशिमानंतर आधी ५०० आणि एप्रिल २०१२ पासून १०० केली, आणि त्या मर्यादेनं तिथल्या कित्येक भागांत रानातली आळंबी विकायला पाठवणंच बंद झालं. नॉर्वेनं १९८६ मध्ये रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांची पोटं चालावीत म्हणून रेनडिअरच्या मांसाची मर्यादा ६००० वर नेली होती. मर्यादा हा निसर्गाचा नियम नाही. कोण किती खातं आणि कुणाचं काय बुडतं, ते बघून माणसं ती ठरवतात.

१४ जुलै

रात्री करंट गेला, यूपीएसनं पहाटे मान टाकली. मोजणी फुकट.

२७ जुलै

म्हातारा पाऊस रेंगाळतोय. दोन गोष्टी.

खाण्याची आळंबी सोडून यावेळी मुद्दाम न खाण्याची आणली. मालकीच्या निलगिरीच्या लागवडीत, बुंध्याशी, मातीतून अर्धं वर आलेलं काळपट-तपकिरी ओबडधोबड गाठोडं. गुरंही तोंड लावत नाहीत. कापलं की आत वाटाण्याएवढ्या पिवळट गोळ्या खच्चून भरलेल्या, आणि वरच्या बाजूला त्यांचीच चॉकलेटी भुकटी झालेली. बोटं दोन दिवस तपकिरी राहतात. ही पिसोलिथस. निलगिरी-अकेशियाच्या मुळांशी ती भागीदारी करते, आणि बे बोलीटच्या सालीत जे नॉरबॅडिओन-ए असतं ते हिच्यातही असतं. या रानात सीझियम हुंगणारं कुणी असेल तर हीच, असं मला वाटत होतं. मोजली. तेच उत्तर, आमच्या मर्यादेच्या खाली. लागवडीची माती मागं कधीतरी नांगरलेली आहे, हे या उत्तरासोबत लिहायला हवं. देवाच्या रानात पिसोलिथस नाही, कारण निलगिरी नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त छळतेय. आमचं यंत्र गॅमा किरण बघतं. पोलोनियम-२१० अल्फा सोडतं, गॅमा जवळजवळ नाहीच, म्हणजे ते समोर असलं तरी आम्ही आंधळे. हे कुठल्या भट्टीतलं नाही, बॉम्बचंही नाही. जमिनीतून सुटलेला रेडॉन हवेत फुटत फुटत शिसं-२१० होतो, पावसासोबत आणि धुळीसोबत खाली बसतो, त्यातून पोलोनियम होतं. आळंब्या ते घेतात हे जगभर ठाऊक आहे. आणि गिळलेल्या एका बेक्वेरेलमागे पोलोनियमचा डोस सीझियमच्या नव्वद पट धरतात.

निपाणीची तंबाखू आठवली. तंबाखूच्या चिकट लव असलेल्या पानावर हेच शिसं आणि पोलोनियम हवेतून येऊन बसतं आणि धुराबरोबर फुप्फुसात जातं. निपाणीच्या शेतकऱ्यांनी १९८१ मध्ये शरद जोशींसोबत भावासाठी रस्ता अडवला, ते अख्ख्या सीमाभागाला माहीत आहे. त्या पानातल्या पोलोनियमबद्दल सीमाभागात कुणी कुणाला विचारताना मी ऐकलेलं नाही. कैगाचं नाव मात्र विडी ओढता ओढता निघतं.

१० ऑगस्ट, गावच्या सभामंडपात

आतापर्यंतचं सांगायला बोलावलं होतं. मराठी आणि कानडी दोन्हीत एक पानी पत्रक नेलं. आकडे दोन्हीकडं तेच, त्यामुळं वाद झाला नाही.

वीस मिनिटं वर्णपट दाखवला. मग मागच्या रांगेतून: "सर, खायची का नाही तेवढं सांगा."

खायची. सांगितलं, आणि हिशेबासकट. आपल्या आळंबीत नाही, पण समजा युरोपच्या मर्यादेइतकं, ६०० बेक्वेरेल, सीझियम असलेली आळंबी कुणी वर्षाला दहा किलो खाल्ली, तरी डोस ०.०८ मिलिसिव्हर्टच्या (अंगाला लागणाऱ्या किरणांचं माप) आत येतो. नुसतं या जगात राहून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट सगळ्यांनाच मिळतात. आपल्या अंगातच पोटॅशियम-४० चे चारेक हजार बेक्वेरेल आहेत. आळंबीनं माणूस मरतो तो न ओळखता विषारी खाऊन. पांढरी छत्री, जून झाल्यावर खालचे पडदे हिरवट, ती गवतावर उगवते आणि दर पावसाळ्यात कुणाला तरी दवाखान्यात नेते. त्यावर मावशी म्हणाल्या, "ते आमाला शिकवू नका," आणि मंडप हसला.

एका निवृत्त गुरुजींनी आयर्लंडच्या लोण्याची आठवण काढली. चेर्नोबिलनंतर युरोपीय समुदायाच्या मदतीतून आलेलं लोणी मुंबईत विकू नये म्हणून डॉक्टर मंडळी कोर्टात गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालावरून १९८८ मध्ये ते लोणी धोक्याचं नसल्याचं मान्य केलं. गुरुजींचा मुद्दा: "तेव्हाही 'मर्यादेच्या आत' म्हणूनच सांगितलं होतं. लोकांचं समाधान झालं नाही." खरं आहे. त्या वेळी मोजणारे आणि खाणारे वेगवेगळे होते. इथं यंत्र समोर टेबलावर होतं आणि डब्यातली आळंबी मावशींची होती. त्यानं किती फरक पडतो ते मला सांगता येणार नाही, पण पोरं रांगेनं येऊन यंत्रावर हात ठेवून बघत होती.

कुणीतरी उकळून पाणी ओतून द्यायचं विचारलं. मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी टाकलं की सीझियमचा बराच भाग निघून जातो, युरोपात ते सांगतातही. आपल्याकडं गरज नाही. चवही जाईल.

२४ ऑगस्ट

मातीचे डबे मोजायची वेळ होऊन गेली होती, आळंबीच्या गडबडीत मागं पडले. तिन्ही थर मोजून झाले.

नुसता वरचा थर बघितला तर ६०९ च्या उतारावर काहीतरी आहे असं वाटतं, आणि वाटणं पुरेसं नाही. म्हणून वरच्या थराच्या वर्णपटातून सगळ्यात खालच्या थराचा वजा केला. थोरियम-युरेनियमची पिलावळ दोन्ही थरांत जवळपास सारखी, ती बहुतेक कटली. ५८३ सपाट, ६०९ सपाट. ६६२ ला एक लहानसा उंचवटा राहिला. मधल्या थरातून खालचा वजा केल्यावर तो राहत नाही.

कुदळ न लागलेल्या मातीत सीझियम असंच बसलेलं असतं, वर जास्त, खाली नाही. पण आमच्या मोजणीत जेवढी चूक होऊ शकते, उंचवटा जेमतेम तिच्या काठावर आहे. विद्यार्थिनीला तो सीझियम म्हणून जाहीर करायचाय. मी नको म्हटलं. तिनं दोन रात्री आणखी मोजलं, उंचवटा तिथंच. मी अजूनही नकोच म्हणतोय, पण आता आवाज खाली आलाय.

८ सप्टेंबर

गणपती उरकले. शंका फेडायची तर जर्मेनियमचा मापी लागतो. त्याची नजर आमच्यापेक्षा पंचवीसेक पट तीक्ष्ण, ६०९ आणि ६६२ त्याला दोन वेगळी गावं. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं नमुने घ्यायचं कबूल केलंय. शिसं-२१० चं ४६ केईव्हीचं शिखरही ते बघणार. पोलोनियमसाठी रसायनं वापरून ते वेगळं काढून चांदीच्या चकतीवर बसवावं लागतं, त्याचं पुढच्या हंगामात बघू म्हणाले.

पाठवलेलं: देवाच्या रानातल्या मातीचे तीन थर, वारुळाची आळंबी, पिसोलिथस. प्रत्येकाचं ओलं आणि सुकं वजन, तारीख, पावसाची नोंद. माती तीनशे ग्रॅम हवी आहे, वरचा थर तेवढा भरत नाही. तात्यांना फोन केला. नारळ घेऊन या म्हणाले, पण पितृपक्षात नको, घटस्थापनेनंतर.